सोंगटीचं माप

दिल्लीचा हिवाळा आधी नाकाला कळतो. अंगाला गारवा लागण्याच्या कितीतरी आधी, दसरा उलटला की एखाद्या सकाळी खिडकी उघडावी आणि दूर कुठेतरी काहीतरी जळत असल्याचा वास घरात यावा. पुण्याच्या मावसबहिणी फोनवर विचारतात, "पडली का गं थंडी तुमच्याकडे?" त्यांना काय सांगणार? आमच्याकडे थंडीच्या आधी धूर पडतो. समोरच्या इमारती एकेक करून दिसेनाशा होतात, दुपारच्या सूर्याकडे बघायला डोळे बारीक करावे लागत नाहीत, माळ्यावरचा हवा शुद्ध करायचा डबा खाली येतो आणि दिवसभर कोपऱ्यात घुरघुरत बसतो. ऋतू सहा असतात असं ज्यांनी ठरवलं ते दिल्लीत राहत नसावेत. हा सातवा आहे, आणि याच्यावर कुणी गाणी लिहीत नाही.

यंदा तो वास आला त्याच आठवड्यात मानेसरहून बन्सलजींचा निरोप आला. बन्सलजी तिथल्या एका छापखान्याचं काम बघतात. "मैडम, 'खिंड' दोबारा छापनी है। साफ़ फ़ाइल भेज दीजिए, फ़ालतू कुछ न हो उसमें।" मी जेवणाचं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला. 'खिंड' हा माझ्या दादाचा खेळ. पट, पत्ते, सोंगट्या, खोका, सगळ्याच्या फाइली मी केलेल्या. त्या उघडायला माझा हात जड होतो, म्हणून इतके दिवस मी त्या उघडल्याच नव्हत्या.

माझा धंदाच हा आहे. नॉयडातल्या एका कंपनीत मी खोक्यांची कामं करते. बिस्किटांचे, साबणांचे, डोकेदुखीच्या गोळ्यांचे खोके छापायला जायच्या आधी त्यांच्या फाइली माझ्या हाताखालून जातात. लोकांना वाटतं या कामाला सौंदर्यदृष्टी लागते. काही लागत नाही. संशयी स्वभाव लागतो, आणि तो आमच्या घरात पिढीजात आहे. रंग पडद्यावर दिसतो तसा कागदावर उतरेल का, अक्षरं जागची हलतील का, पुढची बाजू आणि मागची बाजू एकमेकींवर नीट बसतील का. यंत्र काही विचारत नाही. तुम्ही चूक पाठवली तर ते निमूटपणे हजारो वेळा तीच चूक छापतं.

फाइलमध्ये लेअर असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच समजा. हवा तो कागद दिसता ठेवायचा, नको तो झाकायचा. 'खिंड'च्या सोंगट्यांच्या पानावर झाकलेले बरेच कागद आहेत हे मला माहीत होतं. मी ते एकदम उघडले. प्रत्येक खेचराभोवती गोलाबाहेर गोल, त्याच्या बाहेर आणखी गोल. दुसऱ्या कुणाला ती नक्षी वाटली असती. मला त्यात दादाचा एक अख्खा हिवाळा दिसला आणि मी स्क्रीन मिटून स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी लावत बसले.

शिरीष, माझा दादा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. गुडगावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. आम्ही दोघंही वाढलो ते दिल्ली कँटोनमेंटच्या क्वार्टर्समध्ये, कारण आमचे वडील, आप्पा, फौजेत होते. साताऱ्याकडची, कोल्हापूरकडची कितीतरी कुटुंबं होती तिथे. तेव्हाचा हिवाळा मला आठवतो तो उन्हाचा. अंगणात बाजा टाकलेल्या, त्यांच्यावर मटार सोलत बसलेल्या सगळ्या काकू, आणि बाजेखाली आमचे खेळ. आप्पा मात्र त्या उन्हात फारसे नसायचे. ते कुठल्यातरी उंच चौकीवर असायचे, जिथे बर्फ पडलं की खिंड बंद होते आणि पुढचे कित्येक महिने वर काही जात नाही, खाली काही येत नाही. खिंड बंद व्हायच्या आधी खेचरांच्या पाठीवर रॉकेल, आटा, डाळ, पत्रं सगळं वर पोचवायचं. आप्पा सुट्टीवर आले की या खेचरांबद्दल इतक्या मायेने बोलायचे की आईला राग यायचा. "आमच्याबद्दल बोलता का कधी तिथे असं?" ती विचारायची.

दादाने त्याचाच खेळ केला. पटावर डोंगर, डोंगरातून वर जाणारी वाट, प्रत्येकाकडे आपापली खेचरं, आणि मधूनमधून पलटायचे बर्फाचे पत्ते, ज्यांतला एखादा निघाला की खिंडच बंद. कैक वर्षं तो वह्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर हे रंगवत होता आणि आम्ही त्याची टिंगल करत होतो. मग एका उन्हाळ्यात त्याच्या हातून चहाचा कप पडायला लागला. शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार बोटांपासून सुरू झालाय आणि हळूहळू वर चढेल. दादाने हे मला फोनवर सांगितलं ते ऑफिसातल्या एखाद्या बिघडलेल्या मशिनबद्दल सांगावं तसं. मग जरा थांबून म्हणाला, "नीलू, खेळ छापून घेऊया यार. मला फक्त एक डाव खेळायचाय. खऱ्या पटावर, माझ्या हाताने." बाकी काही मागितलं नाही त्याने, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. म्हणून त्या हिवाळ्यात मला घाई होती, आणि घाईत फाइली कधी नीट होत नाहीत हे मला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

छपाईत एक पद्धत आहे. जिथे कागद कापला जाणार, त्या रेषेच्या थोडं पलीकडेपर्यंत रंग न्यायचा. त्याला ब्लीड म्हणतात. सुरी कितीही चांगली असली तरी केसभर सरकतेच, आणि रंग बरोबर रेषेवर संपवला तर कडेला पांढरी किनार दिसते. दादाला हे पटेना. "सुरी सरकू नये यासाठी काहीतरी करा ना. ती सरकणार हे गृहीत धरून चित्र वाढवायचं, ही काय पद्धत झाली?" मी म्हटलं, "सगळीकडे हीच पद्धत आहे, दादा." कागदाच्या तुकड्यासाठी आम्ही माणसांनी एवढी तजवीज करून ठेवली आहे, आणि शरीरासाठी कुणी कडेला चार बोटं जागा सोडलेली नाही, असं काहीसं माझ्या मनात आलं. त्याच्याही आलं असेल.

इंजिनिअर माणसाला दुसऱ्याची फाइल दिसली की त्याचे हात शिवशिवतात. कापायची रेषा फाइलमध्ये असते, पण ती छापायची नसते; ती फक्त सुरीला वाट दाखवायला. म्हणून तिला एक वेगळाच रंग नेमून दिलेला असतो, आणि यंत्र तो रंग पाहिला की शाई लावत नाही. दादाला वाटलं ही रेषा नीट दिसत नाहीये. त्याने मला न विचारता तिला झक्क गुलाबी केलं, साध्या छपाईच्या रंगात, डाव्या हाताच्या एका बोटाने, किती वेळ लावून कोण जाणे. नमुना छापून आला तर सगळ्या खेचरांना गुलाबी बांगड्या. बन्सलजींनी फोन केला, "मैडम, ये दुल्हनें हैं क्या?" आम्ही त्या दिवशी इतके हसलो की वहिनी, म्हणजे दादाची बायको अनुजा, आतून धावत आली. तिला वाटलं दादाला ठसका लागला. मग तीही हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत पुन्हा आत गेली.

दर शनिवारी मी मेट्रोने गुडगावला जायची. पिशवीत जाड पुठ्ठ्यातून कापलेल्या सोंगट्या असायच्या, गोल, वर खेचर चिकटवलेलं. दादा जेवणाच्या टेबलाशी बसायचा. मी सोंगटी त्याच्यासमोर ठेवायची. तो ती उचलायचा, किंवा उचलायला जायचा, आणि म्हणायचा, "जरा बारीक वाटते गं."

मी मोठी करायची. आता सोंगटी थोडी मोठी झाली की ते तिथेच थांबत नाही. वाटेवरची घरं मोठी करावी लागतात, मग वाट पटात मावत नाही, मग पट वाढतो, पट वाढला की खोका वाढतो, खोक्यातला सोंगट्या ठेवायचा साचा बदलतो. कापायचा साचा तर नव्यानेच. मी सगळं परत तपासायची, परत पाठवायची, आणि पुढच्या शनिवारी दादा म्हणायचा, "अजून थोडी." बन्सलजी वैतागले. "मैडम, फिर बढ़ा दिया? आपके भैया खच्चर बना रहे हैं या हाथी?" मी दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "अगं, म्हाताऱ्या माणसांनाही खेळता यायला हवं ना. आप्पांच्या बोटांना एवढीशी सोंगटी कशी धरवेल?"

आप्पा तेव्हा शेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, हात लांब करून टेबलावरची पहिल्या मापाची, सगळ्यांत लहान सोंगटी चिमटीत उचलली, उलटीपालटी केली आणि परत ठेवली. "माझ्या बोटांना काय धाड भरलीय?" ते म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. पेपर मात्र नंतर बराच वेळ उलटला गेला नाही. दादा खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता करडा धूर होता. त्या क्षणी मला कळलं की मी सोंगट्यांचं माप घेत नाहीये, मी त्याच्या बोटांचं माप घेतेय, आणि ते आप्पांनाही कळलंय. नवी सोंगटी कापायला घेतली.

त्यानंतर हवा इतकी बिघडली की सरकारने कारखान्यांवर निर्बंध आणले. जनरेटर बंद, अर्धी यंत्रं बंद. बन्सलजी म्हणाले, "ऊपर से ऑर्डर है, हम क्या करें।" मी त्यांच्यावर उगाच चिडले. चिडायचं कुणावर, हाही एक प्रश्नच असतो या ऋतूत. शेतात काड जाळणाऱ्यांवर, गाड्यांवर, फटाक्यांवर, वाऱ्यावर? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि सगळे खोकतात. दादाची छाती आता अशक्त झाली होती, त्याला बाल्कनीतसुद्धा नेता येईना. रेवाची, त्याच्या मुलीची शाळा बंद होती. ती चौथीत. ती बाबाच्या खोलीत बसून लॅपटॉपवर शाळा करायची आणि मधल्या सुट्टीत त्याच्या बोटांना तेल लावायची. बोटं आत वळायला लागली होती. ती एकेक उघडायची, सोडली की परत मिटायची. "बाबा, ऐकतच नाहीत ही," ती तक्रार करायची. "अच्छा? मग शिक्षा कर," दादा म्हणायचा.

सोंगटी एव्हाना पाणीपुरीच्या पुरीएवढी झाली होती. तीही तो उचलू शकत नव्हता. हाताच्या कडेने ढकलायचा. मी म्हटलं, "दादा, सरकव ना नुसती. नियमातच लिहू आपण, सरकवली तरी चालेल." त्याने मान हलवली. "खेचर सरकत नाही, नीलू. चालतं." मला त्याचा असा राग आला. एवढा हट्ट कशाला, एका पुठ्ठ्याच्या चकतीसाठी? आणि लगेच माझ्या स्वतःच्या धडधाकट बोटांचा राग आला, जी त्या वेळी न सांगता, न विचारता पिशवीची चेन लावत होती.

मग दोन दिवस वारा सुटला, आकाश जरासं दिसलं आणि छापखाना सुरू झाला. मी शेवटचा नमुना घेऊन गेले. दादाने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"परत पहिल्या मापाची कर," तो म्हणाला. आवाज आता घोगरा झाला होता, शब्द एकमेकांत अडकायचे.

"कशाला?"

"रेवाला एका हातात दोन धरता येत नाहीत. काल बघितलं मी. मुलांना मोठी होते ती."

"मुलांचं राहू दे. तुला काय हवंय ते बोल."

"तेच बोलतोय." तो दम घ्यायला थांबला. "माझ्यासाठी वाढवत होतो. तुला माहितीये."

"मी नाही करणार."

"पहिल्या मापावर आणायला किती वेळ लागेल?"

"काहीच नाही. लेअर तसेच आहेत, नुसते उघडायचे," मी म्हणाले. सवयीने तोंडातून गेलं. धंद्यातला प्रश्न, धंद्यातलं उत्तर. मग मला रडू आलं आणि ते लपवायला त्या घरात कुठे जागाच नव्हती. त्याने एक डाव मागितला होता, आणि तोही आता तो परत करत होता.

छापखान्यात एक रिवाज आहे. शेवटच्या नमुन्यावर मालकाची सही आल्याशिवाय शाई लागत नाही. दादाला पेन धरवत नव्हतं. रेवाने तिच्या शिक्क्यांच्या खेळातली शाईची डबी आणली आणि वहिनीने त्याचा अंगठा धरून पहिल्या मापाच्या खेचरांखाली उमटवला. "एवढं शिकून शेवटी अंगठाबहाद्दर झालो," दादा म्हणाला. आप्पा उठून आत गेले.

खोके आले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. होळीच्या आधी दादा गेला. खेळ मात्र चालला, म्हणजे बऱ्यापैकी चालला. कुठल्या कुठल्या गावांतून लोक फोटो पाठवतात, मुलं पटाभोवती बसलेली. मुलांच्या चिमटीत सोंगट्या अगदी बरोबर बसतात. दादाचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं होतं याचं मला अजून सुख होत नाही.

काल मी बन्सलजींसाठी फाइल साफ केली. छपाईला जाणाऱ्या फाइलमध्ये झाकलेलं काही ठेवायचं नसतं. यंत्राला झाकलेलं आणि दाखवलेलं यातला फरक कधीकधी कळत नाही, आणि नको ती रेषा कापली जाते. सगळ्यांत बाहेरच्या गोलापासून सुरुवात केली आणि एकेक पुसत आत गेले. वहिनी फोनवर होती. तिने विचारलं, "एक प्रत ठेवलीस ना गं तुझ्याकडे?" ठेवली नाही. ते त्याचं दुखणं होतं. ते जपून काय करायचं?

जे जपायचं ते फाइलमध्ये नाही. खोके आले त्या दुपारी आम्ही टेबलावर पट मांडला. दादाची खुर्ची पुढे आणली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. आप्पा, वहिनी, मी, रेवा. रेवाने त्याचं खेचर उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटं आपोआप मिटली आणि खेचर मुठीत दिसेनासं झालं. एवढं लहान होतं म्हणूनच मावलं. आम्ही खेळलो. दादा डोळ्यांनी वाट दाखवायचा, रेवा त्याची बाकीची खेचरं चालवायची. बर्फाचे पत्ते भराभर निघाले. एकेक करून सगळ्यांची खेचरं वर चौकीत पोचली आणि मुठीतलं तेवढं राहिलं.

"बाबा, तुझी बारी," रेवा म्हणाली.

वहिनी त्याची बोटं सोडवायला वाकली. त्याने मानेने नको म्हटलं. मग खांदा पुढे टाकला, सगळं अंग झुकवलं आणि ती मिटलेली मूठ टेबलावरून ओढत पटावर आणली. वाटेतले पत्ते विखुरले, पट हलून वर चौकीतलं आप्पांचं एक खेचर आडवं झालं. मूठ डोंगराच्या वाटेवरून वर वर सरकत गेली, अगदी सावकाश, आणि खिंडीत थांबली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पुढे काही ती जाईना. आम्ही बराच वेळ थांबलो. मग त्यानेच डोळ्यांनी रेवाला पत्त्यांकडे खुणावलं. तिने पत्ता पलटला. खिंड बंद झाली.

रेवा पत्त्याकडे बघत राहिली. "म्हणजे बाबा हरला?"

"नाही," आप्पा म्हणाले. "यात एकट्याने हरता येत नाही. एक खेचर खाली राहिलं की सगळेच हरतात. तुझ्या बाबाने तसंच ठेवलंय."

दादाचा हात पटावरून कुणी उचलला नाही.